जिप्सीला मागे डिस्क ब्रेक: कॅलिपर कोणता घ्यावा आणि हँडब्रेकचं काय करावं?

चोरलकाठ
नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे. गाडी मारुती जिप्सी किंग, २०१२ ची. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. पाटे बदलून दोन इंच उचललेली, टायर २३५/७५ आर १५. वापर इंदूरच्या आजूबाजूचाच: चोरलचं पात्र, पातालपाणीकडच्या वाटा, जानापावची चढण, पावसाळ्यात शेतातली काळी माती.

तक्रारी अशा. पाण्यातून बाहेर आल्यावर मागचे ब्रेक काही वेळ लागतच नाहीत आणि गाडी डावीकडे ओढते. ड्रममध्ये चिखल वाळून विटेसारखा होतो. पेडल लांब जातं. चढावर हँडब्रेक धरत नाही. म्हणून मागे डिस्क करायचा विचार आहे. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) कुठल्या गाडीचा, तो धरणारा ब्रॅकेट किती जाड, मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलला देणारा) बदलावा लागतो का, आणि हँडब्रेक कसा ठेवायचा? ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनीच लिहा, कृपया.

मोजपट्टी
कॅलिपर शोधण्याआधी गाडीखाली जाऊन एक गोष्ट बघा. मागच्या अ‍ॅक्सलवरून एक बारीक रॉड किंवा स्प्रिंग वर चेसिसवरच्या व्हॉल्व्हला जाते का? तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे एलएसपीव्ही. मागे वजन आलं की पाटे दबतात, रॉड वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर दाब तोडतो, म्हणजे मागची चाकं आधी लॉक होत नाहीत.

तुम्ही गाडी दोन इंच उचलली. अ‍ॅक्सल आणि चेसिसमधलं अंतर वाढलं, पण रॉड तेवढीच राहिली. व्हॉल्व्हला वाटतं की मागे कोणीच बसलेलं नाही, सामानही नाही. तो कायम दाब तोडून बसलेला असतो. अशा गाडीत डिस्क लावली तरी तिच्यापर्यंत तोच अर्धामुर्धा दाब पोचणार. उचललेल्या जिप्सीत 'मागचे ड्रम कमजोर' ही जी तक्रार ऐकू येते, तिच्यात ड्रमचा दोष कमी आणि या रॉडचा जास्त असतो. उपाय साधा आहे. अ‍ॅक्सलकडचा ब्रॅकेट जेवढी लिफ्ट केली तेवढा वर घ्या. रॉडचा कोन गाडी जमिनीवर उभी असताना मूळ होता तसा यायला हवा. व्हॉल्व्ह काढून सरळ पाइप जोडू नका. रिकाम्या गाडीत, ओल्या डांबरावर, मागचं टोक पुढे येऊ बघेल.

दुसरं, टायर. मूळ २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिमी, तुमच्या टायरचा ७३३ मिमी. जवळजवळ १० टक्के मोठा. ब्रेकचा टॉर्क तोच, पण तो जमिनीवर सुमारे ९ टक्क्यांनी कमी जोराने पोचतो, आणि हे चारही चाकांना लागू आहे. मागे काहीही बदला, पुढचा तोटा तसाच राहतो.

तिसरं, एकीकडे ओढणं. उजवा ड्रम उघडून लायनर बघा. काळसर चकाकी आणि गिअर ऑइलचा वास असेल तर अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलेलं आहे. ते बहुतेक वेळा ब्रीदर (हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जायची वाट) बुजल्यामुळे जातं. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सील पाणी आत ओढतं. पुन्हा तापलं की हवा फुगते आणि त्याच वाटेने ऑइल बाहेर येतं. डिस्क लावूनही हे ऑइल पॅडवर येणारच. ब्रीदरला पाइप जोडून तो बॉडीच्या वर, बॉनेटच्या उंचीवर न्या. खर्च नगण्य आहे.

भंगारातून_सोनं
एवढं कशाला भिया! जिप्सीचेच पुढचे कॅलिपर भंगारात मिळतात. दोन आणा, ब्रॅकेट कापा, डिस्क लावा, संपलं. पार्ट सगळीकडे मिळतात, पॅड पुढचे-मागचे एकच.

मोजपट्टी
पॅड एकच हा फायदा खरा, पण आकडे मांडून बघा.

ड्रम धरा २२० मिमी, व्हील सिलिंडर २०.६४ मिमी. पिस्टनचं क्षेत्रफळ ३.३५ चौ. सेंमी. जोरात ब्रेक मारल्यावर लाइनमध्ये ५० बार दाब धरला, तर एका शूवर साधारण १६७० न्यूटन. ड्रमचा पुढचा शू फिरण्याच्या दिशेने स्वतःच ओढला जातो, त्यामुळे साध्या दोन शूंच्या ड्रममध्ये एकूण घर्षणबल या जोराच्या सव्वादोन-अडीच पट येतं. २.३ धरा. गुणिले त्रिज्या ०.११ मीटर, म्हणजे सुमारे ४२० न्यूटन-मीटर.

आता डिस्क. तिला स्वतःची ओढ नसते, जेवढं दाबाल तेवढंच. पॅडचं घर्षण ०.३८, दोन बाजू, परिणामी त्रिज्या १०५ मिमी धरू. पिस्टन ५१ मिमीच्या आसपासचा, म्हणजे पुढच्या चाकाच्या मापाचा असेल, तर टॉर्क ८१५ न्यूटन-मीटर. मूळच्या जवळजवळ दुप्पट. ३८ मिमी पिस्टन असेल तर ४५०. ३५ मिमी असेल तर ३८५.

म्हणजे मागच्या चाकाला ३५ ते ३८ मिमीचा पिस्टन हवा. सूत्र सोपं आहे: क्षेत्रफळ गुणिले दाब गुणिले घर्षण गुणिले दोन गुणिले त्रिज्या. व्हर्नियरने आपल्याच गाडीची मापं घ्या आणि त्यात घाला. माझे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचा व्हील सिलिंडर वेगळ्या मापाचा निघू शकतो.

जास्त टॉर्क असला तर काय बिघडतं? जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमी धरला आणि ०.७ जी ने थांबलात, तर जवळजवळ २० टक्के वजन मागून पुढे जातं. उभ्या गाडीत मागे निम्मं वजन असेल तर ब्रेक लागताना ३० टक्केच उरतं. अशा हलक्या चाकाला दुप्पट टॉर्क दिला तर ते लगेच लॉक होणार. छोट्या व्हीलबेसची, उचललेली गाडी मागून लॉक झाली की आडवी व्हायला वेळ लागत नाही.

भंगारातून_सोनं
मग मागच्या लाइनमध्ये फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाका. दाब कमी करून घ्या.

मोजपट्टी
व्हॉल्व्ह लॉक होणं थांबवेल, पण मोठ्या पिस्टनला लागणारं ऑइल कमी करणार नाही. जास्त ऑइल म्हणजे पेडल आणखी लांब, आणि यांची तक्रारच पेडल लांब जातं अशी आहे. वर पुढच्या कॅलिपरला हँडब्रेकचा लिव्हर नसतो. योग्य मापाचा पिस्टन निवडून मग बारीक जुळणीसाठी व्हॉल्व्ह टाकला तर हरकत नाही. चूक झाकायला टाकू नये. आणि टाकलाच तर तो एलएसपीव्हीच्या जागी टाका, त्याच्या पुढे-मागे नाही. दोन व्हॉल्व्ह एकामागे एक असले की कोण कुठे दाब तोडतोय ते कळत नाही.

लेथ_आणि_लोणी
ब्रॅकेटबद्दल लिहितो, कारण पोलोग्राउंड आणि सांवेर रोडला लेथवर येणारी बरीचशी कामं तिथेच बिघडलेली असतात.

ड्रमची बॅकिंग प्लेट फक्त शू धरून ठेवत नाही. अ‍ॅक्सलच्या टोकाशी ती बेअरिंगच्या क्लॅम्पिंगचा भाग असते. तीन मिमीची पत्र्याची प्लेट काढून तिथे दहा मिमीचा ब्रॅकेट घातला, तर बेअरिंगवरचा दाब, शाफ्टचा एंडप्ले आणि सीलची बसण्याची जागा, तिन्ही बदलतात. मग सील दोन महिन्यांत गळतं आणि दोष सीलवर जातो. म्हणून उघडण्याआधी डायल गेज लावून शाफ्ट आत-बाहेर किती हलतो ते लिहून ठेवा. जोडल्यावर तोच आकडा आला पाहिजे. ब्रॅकेटला मागून खाच द्या, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या जागी जाडी मूळ प्लेटएवढीच राहील आणि कॅलिपरकडच्या हातात पूर्ण १० मिमी.

बॅकिंग प्लेट शाफ्टचा फ्लँज आणि बेअरिंगच्या मध्ये अडकलेली असते. बेअरिंग न काढता ती निघत नाही. रिटेनर रिंग ग्राइंडरने खाच पाडून छिन्नीने फोडा, पण शाफ्टला चरा पडू देऊ नका, सील तिथेच बसतं. रिंग आणि बेअरिंग एकदाच वापरायचे, नवे आणा आणि हायड्रॉलिक प्रेसवर बसवा. गॅसने शाफ्ट तापवून बेअरिंग काढणारा कारागीर दिसला तर शाफ्ट उचलून घरी या. शाफ्टचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं की तो कधी मोडेल ते सांगता येत नाही, आणि सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट मोडला की चाकच बाहेर येतं.

ब्रॅकेट माइल्ड स्टीलचा, १० मिमी, लेझरने किंवा मिलिंगवर कापलेला. गॅसने कापलेली कड वाकडी असते, कॅलिपर तिरका बसतो आणि पॅड एका टोकाने झिजतात. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचेच, डोक्यावर आकडा असलेले. आट्यांचा भाग ब्रॅकेटच्या भोकात येऊ नये, बोल्टचा गुळगुळीत भाग तिथे यावा. ८.८ ग्रेडच्या १० मिमी बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर, १२ मिमीला ८० च्या आसपास. टॉर्क रेंच वापरा. हाताच्या अंदाजाने ब्रेकचे बोल्ट आवळू नयेत. अ‍ॅक्सल ट्यूबला थेट वेल्डिंग करायचं असेल तर शाफ्ट आणि बेअरिंग बाहेर काढूनच. करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर डाग पडतात आणि हजार किलोमीटरात घरघर सुरू होते.

कॅलिपर कुठे बसवायचा हे पाटा, यू-बोल्ट आणि शॉकचं माउंट बघून ठरतं, पण एक नियम मोडायचा नाही: ब्लीडर निपल (हवा काढायचं तोंड) सगळ्यात वर आला पाहिजे. डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झाली की निपल खाली येतो, हवेचा बुडबुडा वर अडकून राहतो आणि लिटरभर ऑइल घालूनही पेडल मऊच. आठवडाभर मास्टरला दोष देणारे लोक शेवटी इथेच सापडतात.

चोरलकाठ
मोजपट्टी, तुमचं ऐकून खाली गेलो. एलएसपीव्ही आहे, आणि रॉड खरंच खाली ओढलेली आहे. उजव्या ड्रममध्ये ऑइल. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर मातीने जाम. म्हणजे पेडल लांब जाण्याचं कारण तिथेच आहे का?

मोजपट्टी
हो, बहुतांशी तिथेच. अ‍ॅडजस्टर जाम असला की लायनर झिजेल तसं शू आणि ड्रममधलं अंतर वाढत जातं, आणि पेडलचा पहिला अर्धा प्रवास तेवढं अंतर भरण्यातच जातो. हँडब्रेकही त्यामुळेच धरत नाही. आधी सील, ब्रीदर, अ‍ॅडजस्टर आणि एलएसपीव्हीची रॉड करा. ऑइल लागलेले लायनर धुऊन वापरू नका. ऑइल आत मुरतं आणि तापल्यावर पुन्हा वर येतं. शू दोन्ही बाजूंचे एकदम बदला. ड्रमचा आतला व्यास मोजा. कमाल व्यास बहुतेक ड्रमवरच कोरलेला असतो, त्यापुढे गेला असेल तर ड्रम फेकून द्या.

एवढं करून पंधरा दिवस चालवा. मग राहिलेली तक्रार ही ड्रमची खरी तक्रार. ती राहीलच, कारण पाणी-चिखल हा ड्रमचा जन्मजात दोष आहे. पाणी आत कोंडतं. लायनरचं घर्षण थोडं घटलं की शूची स्वतःची ओढही घटते, म्हणजे दुहेरी फटका. एका ड्रममध्ये जास्त पाणी, दुसऱ्यात कमी, की गाडी ओढणार. डिस्कवरचं पाणी दोन-चार फेऱ्यांत झटकलं जातं. डिस्क लावण्याचं खरं कारण हेच आहे. कोरड्या रस्त्यावर गाडी लवकर थांबेल म्हणून लावणार असाल तर पैसे पुढच्या पॅडवर आणि चांगल्या टायरवर घाला.

ड्रमला पाणी निघून जायला भोक पाडतात, ते करू नका. ज्या भोकातून पाणी जातं त्याच भोकातून काळी माती आत येते.

सिमरोलघाट
घाटाबद्दल एक मुद्दा. मानपूरच्या पुढचा गणपती घाट किंवा भेरूघाट उतरताना ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो, म्हणून पेडल खाली खाली जात राहतं. डिस्क तापली की जाड होते, पॅडच्या जवळ येते. तिथे पेडल खाली गेलं तर दोष ब्रेक ऑइलचा असतो. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, आणि खोल पाण्यातून वरचेवर जाणाऱ्यांनी दरवर्षी. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ चालतं. नावं सारखी असल्यामुळे दुकानात घोळ होतो.

आता हँडब्रेक. मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली, हँडब्रेकचा लिव्हर असलेला मागचा कॅलिपर. आपल्याकडे स्कोडा ऑक्टाव्हिया, लॉरा, फोक्सवॅगन जेट्टा या गाड्यांना मागे असे कॅलिपर येतात. त्यांचे पिस्टन साधारण ३८ किंवा ४१ मिमीचे, म्हणजे वर मोजपट्टीने काढलेल्या मापाच्या जवळ. भंगारातून आणाल तर लिव्हर पूर्ण मागे परततो का ते आधी बघा. अर्ध्यावर अडकत असेल तर आतला शाफ्ट गंजलेला आहे. हा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबून मागे ढकलायचा नसतो, फिरवत आत घ्यायचा असतो. नुसता दाबला तर आतली आट्यांची यंत्रणा मोडते. बाहेरून काही दिसत नाही, पण हँडब्रेक त्यानंतर कधीच धरत नाही.

केबल जोडतानाची चूक याहून जास्त होते. हँडब्रेक सोडलेला असताना लिव्हर त्याच्या स्टॉपवर टेकलेला असलाच पाहिजे. ढिलाई काढायला केबल ताणून ठेवली की लिव्हर थोडा उचललेला राहतो, कॅलिपरचं स्वतःचं अ‍ॅडजस्टमेंट बंद पडतं, पॅड झिजतील तसा हँडब्रेक ढिला होतो, मग माणूस केबल आणखी ताणतो. आधी इंजिन चालू ठेवून पेडल तीस-चाळीस वेळा दाबा, पॅड जागेवर येऊ द्या, केबल त्यानंतर. आणि केबलची बाहेरची नळी टेकायला ब्रॅकेटवरच पक्का स्टॉप हवा. जिप्सीची मूळ केबल बॅकिंग प्लेटवर टेकते, आणि ती तर आपण काढून टाकली.

दुसरी वाट, टोपीच्या (डिस्कचा मधला उंच भाग) आत छोटा ड्रम असलेली डिस्क. धरतो उत्तम, पण पुन्हा चिखलाचा ड्रम आलाच.

तिसरी, ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजवर छोटी डिस्क आणि यांत्रिक कॅलिपर. डिफरन्शियलच्या गिअर रेशोमुळे थोड्या जोरात मजबूत धरतो, चिखलापासून वर राहतो. मात्र साधं डिफरन्शियल असेल आणि एक मागचं चाक हवेत असेल तर ते उलटं फिरतं आणि गाडी सुटते. जॅक लावताना लक्षात ठेवा. चालत्या गाडीत तो ओढायचा नाही, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर झटका बसतो.

लाइन-लॉक, म्हणजे दाब कोंडून ठेवणारा व्हॉल्व्ह, हा हँडब्रेक नव्हे. ऑइल थंड झालं की दाब उतरतो.

लेथ_आणि_लोणी
ऑक्टाव्हियाच्या कॅलिपरचं सांगितलंत ते बरोबर, पण डिस्कही त्याच गाडीची उचलून आणू नका. तिची पाच भोकं मॉडेलप्रमाणे १०० किंवा ११२ मिमीच्या वर्तुळावर, जिप्सीची १३९.७ वर. टोपीच तेवढी रुंद नाही, नवी भोकं पाडायला जागाच उरत नाही.

क्रम असा ठेवा: आधी डिस्क सापडवा, मग कॅलिपर. टोपीवाली, १३९.७ च्या पाच भोकांची, मधलं भोक हबवर घट्ट बसणारं. मोठं असेल तर लेथवर रिंग करून घ्या, कारण डिस्क नटांवर नाही, मधल्या गोलावर केंद्रात बसते. हे मागचे कॅलिपर बहुधा १० ते १२ मिमीच्या अखंड डिस्कसाठी असतात. पोकळ, हवा जाणारी २० मिमीची डिस्क त्यात जात नाही. जाड डिस्क लेथवर घासून बारीक करण्याची कल्पना सोडून द्या, किमान जाडी तिच्यावरच लिहिलेली असते.

टोपीची जाडी सहा-सात मिमी, तेवढा स्टड कमी पडतो. १२ मिमीच्या स्टडवर नट किमान १२ मिमी चढलेला हवा, म्हणजे १.२५ च्या आट्यांना साडेनऊ-दहा पूर्ण फेरे. कमी पडले तर लांब स्टड प्रेस करून घाला. रिमच्या आत कॅलिपरला चहूबाजूंनी तीन मिमीपेक्षा जास्त मोकळीक ठेवा आणि बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं कॅलिपरसमोर येत नाहीत हे बघा. माती खडी घेऊन येते, तीन मिमीत खडा अडकला की रिमला आतून चर पडतो. डिस्कमागचा पत्र्याचा डस्ट शील्ड आपल्या वापरात काढलेलाच बरा, खडा त्यातच अडकून ओरडत राहतो.

बसवल्यावर सगळे नट आवळून डायल गेज लावा. कडेजवळ ०.१ मिमीच्या आत डगमग हवी. जास्त आली तर डिस्क एक भोक फिरवून बसवून बघा, हबचा गंज घासा. बहुतेक वेळा गंजच असतो.

कागदपत्र
मोडता घालायला आलेलो नाही, पण हे आधी वाचा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ कायम केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ ए मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमची गाडी २०१२ ची, म्हणजे २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होऊन नूतनीकरणाची तपासणी होणार. लिफ्ट आणि टायरही त्याच वेळी समोर येतील. आरटीओत आधी लेखी विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्यात आडवा येतो. मूळ ड्रम, प्लेट, केबल जपून ठेवा. फक्त खाजगी जमिनीवर किंवा बंद स्पर्धेत चालणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

आणि एप्रिल २०१९ नंतरची एबीएस असलेली गाडी घेऊन कोणी हा धागा वाचत असेल तर त्यांनी हे काम करूच नये. त्या युनिटचं गणित मूळ ब्रेकच्या मापावर बसवलेलं असतं.

चोरलकाठ
आभारी आहे. आधी ड्रम नीट करतो, नूतनीकरण होऊ देतो, मग पुढचं. तोवर डिस्क आणि कॅलिपर जमवून ठेवेन. पाइप आणि एअर काढण्याबद्दल कोणी सांगेल का? मास्टर बदलावा लागेल?

मोजपट्टी
मास्टर आधी आहे तोच ठेवा. जिप्सीचा पुढच्या डिस्कसह आलेला आहे, ३८ मिमीच्या पिस्टनला पुरतो. फक्त टाकीवर लक्ष ठेवा. फ्लोटिंग कॅलिपरचे दोन्ही पॅड मिळून १८ मिमी झिजेपर्यंत एका कॅलिपरमध्ये सुमारे २० मिली ऑइल उतरतं, दोन्हींत ४०. ड्रमला एवढं लागत नाही, म्हणून पातळी आधीपेक्षा भराभर खाली जाताना दिसेल. जुन्या, चारही चाकांना ड्रम असलेल्या जीपवाल्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या मास्टरच्या तोंडाशी ड्रमसाठी दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो काढला नाही तर डिस्क कायम घासत राहते आणि चाक तापतं.

पाइप स्टीलचा ४.७५ मिमी, किंवा तांबं-निकेलचा. एसीवाल्याकडचा नुसता तांब्याचा पाइप थरथरीने चिरतो. अ‍ॅक्सलवरून कॅलिपरपर्यंत शेवटचा तुकडा रबरी होजचाच, कारण फ्लोटिंग कॅलिपर सरकतो आणि कडक पाइप तुटतो. चेसिस ते अ‍ॅक्सल होजची लांबी गाडी चेसिसवर उचलून, चाकं पूर्ण लोंबकळवून मोजा. तुमची लिफ्ट धरता मूळ होज तेव्हा ताणलेला दिसेल. फ्लेअर नटात एक फसवणूक आहे: १० मिमी गुणिले १ चा आणि ३/८ इंच २४ आट्यांचा, दोन्ही दिसायला सारखे. चुकीचा नट दोन फेरे जातो आणि मग आवळला की घट्ट वाटतो, पण गळतो. हाताने चार फेरे गेला तरच पाना लावा. बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर दरवेळी नवे, दोन्ही बाजूंना.

एअर काढताना जॅक चेसिसखाली लावला तर अ‍ॅक्सल लोंबतो, एलएसपीव्ही दाब तोडतो आणि मागे ऑइल नीट येत नाही. जॅक किंवा स्टँड अ‍ॅक्सलखाली लावा. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी: डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. लिटरभर नवीन ऑइल हाताशी ठेवा. हँडब्रेकवाल्या कॅलिपरमध्ये आतल्या कोपऱ्यांत हवा अडकते. ब्रॅकेटवरून सोडवून, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची फळी घालून, निपल वर धरा आणि रबरी हातोडीने हलके ठोका.

सिमरोलघाट
चाचणीचं राहिलं. कंपनीवाले यासाठी पीथमपूरला नॅट्रॅक्सच्या ट्रॅकवर जातात, आपल्याला एखादं मोठं, बंद, सपाट मैदान पुरे. गाडी रिकामी, मागे काही नाही, कारण मागचं चाक लॉक होण्याची भीती तेव्हाच जास्त. टू-व्हील ड्राइव्हमध्येच करा. फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधतो, मग कोणतं चाक आधी लॉक झालं ते कळणारच नाही, आणि तुम्ही समाधानाने घरी जाल.

आधी पॅड बसवा: ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मग पाच-दहा मिनिटं हवेवर चालवून थंड. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहू नका, पॅडचा ठसा उमटतो. त्यानंतर ३०, ४०, ५० वरून जोरात. एक माणूस बाहेर बाजूला उभा राहून चाकं बघेल. पुढची आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी झाली तर व्हॉल्व्हने दाब कमी करा आणि पुन्हा ३० पासून सुरू करा. शेवटी मैदानावर पाणी ओतून हेच.

हँडब्रेकसाठी साधारण एकास पाच चढ शोधा. गाडी न्यूट्रलमध्ये, नाक वर, मग नाक खाली, दोन्हीकडून पाच-पाच मिनिटं. चाकामागे लाकडी ठोकळा ठेवूनच.

लेथ_आणि_लोणी
आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळा. नव्या डिस्कवरचा रंग आणि तेल दबतं, नट ढिले होतात. पॅड चिखलाच्या वापरात महिन्याला एकदा उघडून बघा. काळ्या मातीची बारीक पूड पॅडला पॉलिशपेपरसारखी खाते, ड्रमच्या लायनरची सवय लागलेल्या माणसाला ते वेळेत लक्षात येत नाही. स्लाइड पिनांना ब्रेकचंच ग्रीस. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि कॅलिपर एका बाजूने चिकटतो.